जाम झालेला नट सुटतो कसा?

१. घट्टपणाचे मूळ

एका मोसमात एका हाताने आवळलेला नट पुढच्या मोसमात दोन हातांनीही का सुटत नाही, हा प्रश्न पॉवर टिलर, ग्रास कटर, फवारणी पंप किंवा डिझेल इंजिन बाळगणाऱ्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा पडतो. ‘गंज चढला’ हे त्याचे नेहमीचे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे, कारण न गंजलेला नटही सहजी सुटत नाही. सहजी सुटला असता तर दिवसभर थरथरणाऱ्या यंत्रावर तो टिकलाच नसता. म्हणून गंजाकडे वळण्यापूर्वी नवा नट कशामुळे धरून राहतो, हे पाहणे आवश्यक आहे.

नट आवळला की बोल्टचा दांडा किंचित ताणला जातो. हा ताण मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकाच असतो, परंतु पोलाद मूळ लांबीवर परत येण्याची धडपड करत असल्यामुळे मधले दोन भाग एकमेकांवर घट्ट दाबले जातात आणि हा दाब हेच बोल्टचे खरे काम होय. पान्यावर लावलेल्या जोरापैकी ढोबळमानाने एक दशांश हिस्साच दांडा ताणण्यासाठी खर्च होतो. सुमारे निम्मा नटाच्या बुडाखालील घर्षणात आणि उरलेला आट्यांमधील घर्षणात जातो. म्हणजे नवा, तेल लावलेला नटही प्रामुख्याने घर्षणावरच उभा असतो.

आट्याचा उतार पाहिला की हे अधिक स्पष्ट होते. एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतच्या अंतराला पिच म्हणतात. १० मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे बाजारात ‘एम १०’ म्हणून मिळणाऱ्या, साध्या बोल्टचा पिच १.५ मिलिमीटर असतो आणि आट्याचा एक वेढा सुमारे २८ मिलिमीटर लांब भरतो. २८ मिलिमीटर चालून दीड मिलिमीटर चढणे म्हणजे जेमतेम ३ अंशांचा चढ झाला, आणि इतक्या सौम्य उतारावरून खाली घसरण्यास घर्षण सहज अटकाव करते.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सोडवताना लागणाऱ्या जोराचा मोठा हिस्सा नटाच्या बुडाशी, वॉशरच्या फटीत अडकलेला असतो. तेव्हा आट्यांच्या टोकावर तेल ओतून बुडाची फट कोरडी ठेवणाऱ्याने अर्धेच काम केलेले असते.

२. गंज जागा कशी अडवतो

लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. पाणी थेंबाच्याच रूपात असावे लागते असे नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पोलादावर पाण्याचा अदृश्य थर बसू लागतो आणि गंजण्याचा वेग वाढतो. कोकणात पावसाळ्याचे चार महिने हवा या मर्यादेच्या बरीच वर असते, शिवाय किनाऱ्यालगत तिच्यात मिठाचे कण असतात. मीठ पाण्यात विरघळले की त्यातून विद्युतभार सहज वाहतो आणि गंजण्याची क्रिया मुळात विद्युत-रासायनिक असल्याने ती जोर धरते. पालाश देणाऱ्या म्युरेट ऑफ पोटॅशमध्येही क्लोराइड असल्यामुळे खतांच्या पोत्यांशेजारी ठेवलेले यंत्र समुद्रापासून दूर असूनही समुद्रकाठच्या यंत्रासारखे गंजते. सुपारीच्या बागेत किंवा द्राक्षमळ्यात बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या पंपाची अवस्था याहून वाईट असते, कारण मोरचुदातील तांबे पोलादावर बसते आणि त्या तांब्याच्या संगतीने शेजारचे लोखंड झपाट्याने झिजते.

गंज नुसता पृष्ठभाग खात असता तर नट उलट सैल झाला असता. तो जाम होतो, कारण गंजाचे आकारमान ज्या लोखंडापासून तो बनला त्याच्या दोन ते सहा पट असते. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये मुद्दाम ठेवलेली मोकळीक अतिशय थोडी असते. तिच्यात हा फुगलेला पदार्थ दाटला की पावसाळ्यात फुगलेले लाकडी दार चौकटीत अडकावे तसा नट अडकतो. फरक इतकाच की दार दिवाळीच्या सुमारास वाळून पुन्हा मोकळे होते, गंज मात्र उन्हाळ्यातही आक्रसत नाही. फटीत शिरलेले पाणी लवकर वाळत नसल्याने बाहेरून नट कोरडा दिसत असतानाही आत क्रिया चालूच राहते, आणि धुतलेले यंत्र ओलेच ताडपत्रीखाली झाकून ठेवणे ही या क्रियेला केलेली मोठीच मदत ठरते.

ॲल्युमिनिअमच्या घरात बसलेला पोलादी बोल्ट हा वेगळा प्रकार आहे. येथे ओलाव्यात दोन भिन्न धातू एकत्र आल्याने ॲल्युमिनिअम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. ग्रास कटरचा गिअर बॉक्स, लहान इंजिनांचे हेड आणि कार्बोरेटरची बैठक येथे हेच घडते. बोल्टवर लाल गंजाचा मागमूस नसतानाही तो हलत नसेल, तर कारण बहुधा हेच असते.

३. दिशा तपासण्याचे काम आधी

जाम समजल्या गेलेल्या काही नटांचा दोष गंजाकडे नसतोच. ते चुकीच्या दिशेने फिरवले जात असतात. बहुतेक ग्रास कटरमध्ये पाते धरणाऱ्या नटाचे आटे उलटे असतात, म्हणजे तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो आणि विरुद्ध दिशेने फिरवला की आवळला जातो. पाते दगडावर किंवा झुडपाच्या बुंध्यावर आदळून थबकले, तरी त्या झटक्याने नट सुटू नये, उलट आवळला जावा, यासाठी ही योजना असते. साखळी करवतीचा क्लचही बहुधा उलट्या आट्यांवर बसतो. अशा ठिकाणी नेहमीच्या सवयीने जोर लावणारा माणूस प्रत्येक प्रयत्नागणिक नट अधिकच घट्ट करत असतो.

नट फिरवण्यापूर्वी स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला करावी, म्हणजे इंजिन चुकून सुरू होण्याची शक्यता राहत नाही. ग्रास कटरच्या गिअर बॉक्सला एक लहान छिद्र असते. आतील चकतीचे छिद्र त्याच्या समोर आणून सळी किंवा ॲलन की घातली की दांडा अडतो. पाते हाताने धरून नट सोडवू पाहणे धोक्याचे आहे, मग हातमोजे कितीही जाड असोत.

४. तेल, आणि त्याहून महत्त्वाचा वेळ

तेलाचे काम दोन प्रकारचे असते, आधी फटीत शिरणे आणि नंतर घर्षण कमी करणे. ज्या तेलाला वंगण म्हणून मान आहे ते घट्ट असल्यामुळे फटीत शिरत नाही, आणि रॉकेलसारखे जे पातळ द्रव झटकन शिरतात त्यांचे वंगण फार काळ टिकत नाही. गंज सोडवणारी तयार तेले पातळ द्रावक आणि वंगण यांच्या मिश्रणाने ही अडचण दूर करतात; द्रावक वंगणाला आत घेऊन जातो आणि स्वतः उडून जातो. ॲसिटोन आणि गाड्यांच्या ऑटोमॅटिक गिअरमधील तेल समप्रमाणात मिसळून वापरण्याची कारागिरांची रीत याच तत्त्वावर चालते. मात्र ॲसिटोन अत्यंत ज्वालाग्राही असून ते रंग आणि प्लॅस्टिक खराब करते, आणि ते या तेलात नीट एकजीव होत नसल्याने प्रत्येक वेळी बाटली हलवून घ्यावी लागते. गॅरेजमध्ये सर्रास दिसणाऱ्या डब्ल्यूडी-४० या फवाऱ्याची कुळी वेगळी आहे. १९५३ मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथे तो धातूवरील पाणी हटवून गंज रोखण्यासाठी बनवला गेला आणि त्याच्या नावातील ४० हा आकडा चाळिसाव्या प्रयोगाचा आहे. तो निरुपयोगी नाही, पण वर्षानुवर्षे जाम झालेल्या नटासाठी खास त्या कामाचे तेल अधिक उपयोगी पडते.

तेल लावण्याआधी तारेच्या ब्रशने आट्यांचे उघडे टोक आणि नटाचे बूड घासून साफ करणे अगत्याचे आहे, कारण वरचा चिखल आणि गंजाचा भुगा तेल शोषून घेतो आणि आत थेंबही पोहोचू देत नाही. त्यानंतर एकदाच भरपूर ओतण्याऐवजी थोडे तेल लावणे, हातोडीने हलके ठोके देणे, काही तास थांबणे आणि हेच पुन्हा करणे, असा क्रम ठेवावा. ठोक्यांनी गंजात बारीक तडे पडतात आणि तेल केशाकर्षणाने, म्हणजे अरुंद फटीत द्रव आपोआप ओढला जाण्याच्या गुणाने, त्या तड्यांत शिरते. रात्रभर थांबणे हा या साऱ्या विद्येतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. तेल खाली उतरावे म्हणून यंत्र कलते करायचे असल्यास चार-स्ट्रोक इंजिनाच्या एअर फिल्टरची बाजू वर राहील असे पाहावे, अन्यथा इंजिनातील तेल फिल्टरमध्ये शिरते.

५. जोर किती आणि कसा

पहिली अट म्हणजे पाना बरोबर मापाचा असावा. सहा कडांची गोटी नटाला सहाही बाजूंनी धरते, रिंग पानाही बहुधा चालतो. तोंड उघडे असलेला पाना दोनच बाजूंनी धरतो आणि स्क्रू पाना तर जाम नटाच्या कडा गोल करण्याचेच साधन ठरतो. एम १० च्या नटाला १७ चा पाना लागतो हे पाठ असणाऱ्यांनी काही नव्या यंत्रांवर त्याच बोल्टला १६ चे डोके असते, हेही लक्षात ठेवावे. जुन्या डिझेल इंजिनांवर आणखी वेगळी अडचण येते. त्यांचे बोल्ट अनेकदा जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ मध्ये मांडलेल्या मापांचे असतात. त्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा, तर आजच्या मेट्रिक आट्यांचा ६० अंशांचा असतो. अशा नटावर जवळपासच्या मापाचा मेट्रिक पाना ‘बसतो’ असे वाटते आणि जोर येताच घसरतो.

दुसरा प्रश्न जोराच्या मर्यादेचा आहे. पिळण्याचा जोर न्यूटन-मीटर या एककात मोजतात. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण शंभर ग्रॅम वजनाइतका जोर दिला की एक न्यूटन-मीटर होतो. डोक्यावर ८.८ असा मजबुतीचा आकडा असलेला एम ८ बोल्ट सुमारे २५ न्यूटन-मीटरने आवळतात आणि तो पिळून तुटण्याची मर्यादा याच्या दुपटीच्याही खालीच असते. आता ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर २० किलो वजनाइतका जोर दिला, जो धडधाकट माणसाला मुळीच अवघड नाही, तर तो ६० न्यूटन-मीटर होतो; त्याच पान्यावर पाइप चढवून लांबी ९० सेंटिमीटर केली की आकडा १८० वर जातो. मोठ्या बोल्टला हे झेपेल, पण एम ८ किंवा एम ६ च्या बाबतीत पाइप हे सोडवण्याचे साधन राहत नाही, तोडण्याचे होते. बोल्ट तुटण्याआधी इशारा देतो: नट फिरत असल्याचा भास होतो, पण प्रतिकार एकदम न सुटता हळूहळू मऊ पडत जातो. याचा अर्थ नट जागेवरच आहे आणि दांडा पिळला जात आहे, म्हणून तेथेच थांबावे. याउलट ‘कट्’ असा आवाज होऊन नट किंचित सरकला, तर गंजाचा थर फुटला असे समजण्यास हरकत नाही.

गंज ठिसूळ आणि पोलाद लवचीक असल्यामुळे सावकाश वाढणाऱ्या जोरापेक्षा अल्पकाळाचा धक्का अधिक गुणकारी ठरतो. बोल्टच्या डोक्यावर सरळ रेषेत दिलेला हातोडीचा ठणठणीत ठोका आट्यांमधील गंज फोडतो. नटाच्या एका कडेला जड हातोडा टेकवून समोरच्या कडेवर ठोकणे हा त्याचाच प्रकार आहे. मात्र ॲल्युमिनिअमच्या घराला मागून आधार नसेल तर ठोकू नये, कारण ओतीव ॲल्युमिनिअम वाकत नाही, तडकते. विजेवर किंवा बॅटरीवर चालणारा इम्पॅक्ट पाना हेच धक्क्याचे काम मिनिटाला हजारो वेळा करतो.

नट किंचित हलला की उत्साहाच्या भरात तो एका दमात बाहेर काढण्याचा मोह होतो आणि अनेक बोल्ट याच टप्प्यावर तुटतात. सुटलेला गंज पुढच्या आट्यांत गोळा होऊन पुन्हा पाचर बसते. म्हणून पाव वेढा सोडवून थोडा परत आवळावा, तेल द्यावे, आणि असे पुढेमागे करत तो बाहेर आणावा.

६. उष्णतेचे गणित

तेल आणि ठोके हरले की उष्णतेची पाळी येते. पोलादाची लांबी दर अंश सेल्सिअसला सुमारे बारा दशलक्षांश हिश्शाने वाढते. १२ मिलिमीटर छिद्राचा नट बोल्टपेक्षा २०० अंशांनी अधिक तापला, तर त्याचे छिद्र साधारण ०.०३ मिलिमीटरने रुंदावते. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण आट्यांमधील मोकळीकही याच मापाची असल्याने तेवढे पुरते. अट एवढीच की नट तापावा आणि बोल्ट थंड राहावा. दोन्ही सारखेच तापले तर दोन्ही सारखेच फुगतात आणि हाती काही लागत नाही. त्यामुळे मंद ज्योतीने बराच वेळ शेकण्यापेक्षा प्रखर ज्योत नटाभोवती थोडाच वेळ फिरवणे योग्य ठरते. नंतर निवू देताना होणारे आकुंचनही गंजाला तडे पाडते, म्हणून एकदा तापवून न सुटलेला नट दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सुटतो.

ॲल्युमिनिअम पोलादाच्या सुमारे दुप्पट फुगते, त्यामुळे त्यात अडकलेल्या पोलादी बोल्टसाठी घर तापवणे हा उत्तम उपाय आहे. परंतु शुद्ध ॲल्युमिनिअम ६६० अंशांना आणि त्याचे ओतीव मिश्रधातू त्याहून कमी तापमानाला वितळतात, तेही पोलादासारखे लाल न होता. रंग पाहून अंदाज घेण्याची सवय असलेल्या कारागिराच्या हातून घर अचानक ढासळते ते यामुळेच. गरम हवेची गन येथे गॅसच्या ज्योतीपेक्षा सुरक्षित असते. काही साखळी करवतींची घरे मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असतात आणि त्यांना ज्योत मुळीच दाखवू नये.

उष्णता वापरण्यापूर्वी पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवावी. टाकी रिकामी असल्याने धोका टळत नाही, कारण पेट घेते ती वाफ. आधी फवारलेले तेल पुसून घ्यावे. जस्ताचा मुलामा असलेला बोल्ट तापवताना निघणारा पांढरा धूर श्वासात गेल्यास ताप भरतो, म्हणून हे काम उघड्यावर करावे. ब्रेक साफ करण्याच्या काही फवाऱ्यांत क्लोरिनयुक्त द्रावक असतात, जे तापल्यावर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. तेव्हा असा फवारा मारलेल्या जागी ज्योत नेऊच नये. गिअर बॉक्सजवळचे रबरी ऑइल सील उष्णतेने कडक होतात, आणि पात्याचे पोलाद तापले तर त्याचे पाणी उतरते. लाल होईपर्यंत तापलेला ८.८ चा बोल्ट सुटून आला तरी पुन्हा वापरू नये; ४२५ अंशांच्या वर गेल्यावर त्याची मजबुती भरवशाची राहत नाही.

७. कोणाला वाचवायचे?

इतके करूनही नट न हलल्यास एक हिशेब मांडावा लागतो, आणि खरे तर तो पहिल्याच प्रयत्नाआधी मांडायला हवा. बोल्ट काही रुपयांचा असतो आणि ज्यात तो अडकला आहे ते घर काही हजारांचे. तरीही बहुतेकांची सारी खटपट बोल्ट वाचवण्यासाठी चाललेली दिसते. आरपार बोल्टवरील जाम नट, उदाहरणार्थ टिलरच्या पात्याचा, सरळ ग्राइंडरने कापावा. नटाच्या एका सपाट बाजूवर आट्यांपर्यंत न पोहोचणारी खाच पाडून तीत छिन्नी ठोकली की नट उकलतो. येथे तासभर तेलपाणी करण्यात काटकसर मुळीच नाही.

बोल्ट घरातच तुटून राहिला तर गोष्ट नाजूक होते. तुकडा थोडाही वर असेल तर त्यावर नवा नट ठेवून आतून वेल्डिंग करणे हा उत्तम मार्ग आहे, कारण त्याने पकड मिळते आणि तुकडा आतून तापतोही. तो पृष्ठभागाखाली असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून छिद्र पाडावे लागते. त्या छिद्रात उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घालून तुकडा फिरवण्याची पद्धत प्रचलित आहे, पण तिच्याबद्दल सावध राहिलेले बरे: एक्स्ट्रॅक्टर अतिशय कठीण पोलादाचा असतो, आणि जो बोल्ट जाड पान्याला दाद देत नाही तो या बारीक हत्याराला देईल, ही अपेक्षा अनेकदा फोल ठरते. तो आत मोडला तर साध्या ड्रिलने त्याला छिद्रही पडत नाही. त्याऐवजी एम ८ च्या तुकड्यात नेमक्या मध्यावर ६.८ मिलिमीटरचे छिद्र पाडून उरलेली आट्यांची साल काढून घेणे आणि नव्याने टॅप मारणे, हे कष्टाचे असले तरी खात्रीचे काम आहे. आटे गेलेच तर तारेचे तयार आटे बसवून घेता येतात आणि ॲल्युमिनिअममध्ये ते मूळच्यापेक्षा टिकाऊ ठरतात. हे काम लेथवाल्याकडे सोपवण्यात कमीपणा नाही.

८. पुन्हा बसवताना

नवा बोल्ट कोरडा बसवणे म्हणजे पुढच्या वर्षीच्या अडचणीची तयारी करणे होय. आट्यांवर आणि नटाच्या बुडाला ग्रीस लावावे. सायलेन्सरसारख्या तापणाऱ्या जागी साधे ग्रीस जळते, तेथे तांबे किंवा निकेलचे बारीक कण असलेले अँटी-सीझ वापरावे. मात्र वंगणाने घर्षण घटते आणि तोच पाना तेवढ्याच जोराने फिरवला तरी दांडा अधिक ताणला जातो, म्हणून यंत्राच्या पुस्तिकेत आवळण्याचा आकडा कोरड्या आट्यांसाठी दिला असेल तर तो कमी करून घ्यावा. गंजत नाही म्हणून स्टेनलेसचा बोल्ट ॲल्युमिनिअममध्ये बसवणे किनाऱ्याजवळ नुकसानीचे ठरते. बोल्ट चकचकीत राहतो आणि घर झिजते. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट कोरडा आवळला, तर गंज नसतानाही दोन्हींचे आटे एकमेकांना चिकटून कायमचे जाम होऊ शकतात.

चिखलणी आटोपून टिलर पडवीत लावण्यापूर्वी तो धुवून उन्हात पूर्ण वाळवावा, पात्यांचा प्रत्येक नट एकदा अर्धा वेढा सोडून ग्रीस लावून पुन्हा आवळावा, आणि हे काम पुढच्या मृगापर्यंत लांबवू नये.